कळपाचा वैद्य

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पेणच्या अलीकडे, जिते नावाचे गाव आहे. वैशाख सरत आला, की येथील शेतकऱ्याचे एक लक्ष आभाळाकडे आणि दुसरे गोठ्याकडे लागते. आता भाताच्या खाचरांतून यंत्रे फिरू लागली आहेत. तरी ज्याच्या दारी दुभती म्हैस किंवा बैलजोडी आहे, त्याच्या संसाराचा मोठा आधार अजूनही दावणीलाच बांधलेला असतो.

काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत मी त्या गावी गेलो होतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईस परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकत होती. शिक्षणाच्या अखेरच्या वर्षी ती तेथील पशुधन अधिकाऱ्यांबरोबर जनावरांना घटसर्पाची लस टोचण्यास आली होती. सकाळपासून काम सुरळीत चालले होते. पण एका गोठ्यापाशी ते अडले. एक वृद्ध शेतकरी आपल्या म्हशीपुढे उभे राहून म्हणाले, "पोरी, माझी म्हैस धडधाकट आहे. आजारी पडली, तर मी आपण होऊन तुला बोलावणे धाडीन. निरोगी जनावराला सुई कशाला? आणि नुसत्या सुयाच टोचायच्या, तर मुंबईला पाच वर्षे शिकलीस तरी काय?"

प्रश्न रोखठोक होता. परंतु गैर नव्हता. मुलांनो, आपणही त्याचे उत्तर शोधू या.

परळचे हे महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. तेथेच बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे. २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. परळप्रमाणेच नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालये त्याच विद्यापीठाखाली येतात. पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यांतील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष अनुभवाचे असते. माणसांच्या वैद्याला एकाच प्राण्याचे शरीर जाणावे लागते. पशुवैद्याला मात्र गाय, घोडा, शेळी, कुत्रा, कोंबडी अशी नाना शरीरे अभ्यासावी लागतात. आणि ह्यांतला एकही रुग्ण आपले दुखणे बोलून दाखवीत नाही. डोळा, श्वास, चाल, रवंथ ह्यांवरून ते ओळखावयाचे असते.

परंतु ह्या विद्येचे एवढेच अंग नाही. एका जनावराची नाडी पाहणे हे एक काम; साऱ्या कळपाची नाडी पाहणे हे दुसरे. ह्या दुसऱ्या शास्त्राला साथरोगशास्त्र म्हणतात. समजा, एका गावात पाच म्हशी दगावल्या. हा आकडा मोठा की लहान? गावात दहाच म्हशी असतील, तर निम्मे धन बुडाले. पाचशे असतील, तर शंभरांत एक गेली. म्हणून 'आजारी किती?' हा अर्धाच प्रश्न होय. 'एकूण किती?' हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे. कोणते जनावर कोठे पाणी पिते, कोणत्या बाजारातून आले, कोणाच्या शेजारी बांधले जाते, हेही विचारावे लागते. रोग ज्या वाटेने चालतो, ती वाट सापडली म्हणजे ती अडविता येते.

ही वाट अडवून मानवाने एक मोठा विजय मिळविला आहे. बुळकांडी हा गुराढोरांचा एक भयंकर रोग होता. जनावरास ताप येई, तोंडात व्रण पडत, डोळ्यांतून व नाकातून स्राव वाही, हगवण लागे आणि थोड्याच दिवसांत ते मरून पडे. १८व्या शतकात ह्या रोगाने युरोपातील गोधन वारंवार बुडविले. अशा साथींना आळा घालण्यासाठीच १७६१ साली फ्रान्समधील लिआँ येथे पहिल्या पशुवैद्यक शाळेची स्थापना झाली. १८९० नंतरच्या दशकात आफ्रिकेत तो पसरला, तेव्हा कित्येक प्रदेशांत शंभरांतील ऐंशी-नव्वद गुरे मेली आणि त्यांमागोमाग माणसांवर दुष्काळ कोसळला.

आपल्या देशात ह्या रोगांच्या संशोधनासाठी १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा उघडण्यात आली. पुढे ती हिमालयाच्या पायथ्यापलीकडे मुक्तेश्वर येथे हलविली. तेथे १९२०-३० च्या दशकात एडवर्ड्स ह्या शास्त्रज्ञाने शेळ्यांच्या शरीरातून रोगविषाणू पुनःपुन्हा नेऊन त्याचा जोर कमी केला व त्यापासून लस तयार केली. १९६० च्या सुमारास केनियात वॉल्टर प्लोराइट ह्यांनी तिच्याहून निर्धोक लस सिद्ध केली. भारतात १९५४ साली बुळकांडी-निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि लस टोचणारे गावोगाव हिंडू लागले.

ह्या मोहिमेतील सर्वांत कठीण पायरी शेवटची होती. लस टोचलेल्या जनावराच्या रक्तात ज्या खुणा आढळत, त्याच खुणा रोगातून वाचलेल्या जनावराच्याही रक्तात आढळत. त्यामुळे लस चालू असेपर्यंत रोग खरोखर संपला की कोठे लपून बसला आहे, हे कळेना. अखेर लस थांबविण्याचे धैर्य करावे लागले. मग गावागावांत जाऊन, 'अशी लक्षणे कोणी पाहिली काय?' अशी विचारपूस व रक्ततपासणी करण्यात आली. भारतात १९९५ नंतर हा रोग आढळला नाही. २०११ साली साऱ्या जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे घोषित झाले. माणसांतील देवीच्या रोगानंतर समूळ नाहीसा झालेला हा दुसराच रोग होय.

कळपाच्या आरोग्याशी माणसाचे आरोग्यही बांधलेले आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रोग एकदा जडला, की बहुधा माणूस वाचत नाही. मात्र वस्तीतील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस टोचली, तर त्या रोगाची साखळी तुटते. पावसाळ्यात कोकणात होणारा लेप्टो ताप उंदीर व गुरे ह्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून शेतकऱ्याच्या शरीरात शिरतो. गोठा व घर ह्यांच्यामध्ये भिंत असते. रोगांना ती ठाऊक नसते.

आता त्या गोठ्याकडे परत येऊ. माझ्या विद्यार्थिनीने सुई खाली ठेवली आणि ती म्हणाली, "आजोबा, घटसर्पात गळा सुजून श्वास कोंडू लागला, म्हणजे वेळ उरत नाही. पुष्कळदा एका दिवसात जनावर जाते. तुम्ही बोलावाल आणि मी धावत येईनही. पण मी पोहोचेपर्यंत काय होईल? शिवाय, तुमची म्हैस ज्या तळ्यावर जाते, तेथेच शेजारची गाभण गाय पाणी पिते."

"दूध आटेल ना?" त्यांनी खरी भीती बोलून दाखविली. त्यांचे घर त्या दुधावर चालत होते.

"एखाद-दोन दिवस थोडे कमी होईल. टोचल्या जागी सूजही येईल. तसे होणार नाही, असे मी खोटे सांगणार नाही."

वृद्ध गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "मागे एका पावसात एका रात्रीत माझ्या दोन म्हशी गेल्या. डॉक्टर पहाटे आले. त्यांचा दोष नव्हता." एवढे बोलून त्यांनी स्वतःच म्हशीचे दावे आवळून धरले.

दुपारपर्यंत गावातील बहुतेक जनावरे टोचून झाली. दोन घरांना कुलूप होते. विद्यार्थिनीने वहीत टोचलेल्या जनावरांचा आकडा लिहिला आणि त्याखाली राहिलेल्या जनावरांचाही लिहिला. मी विचारले, "राहिलेली कशाला लिहितेस?" ती म्हणाली, "गुरुजी, रोग त्यांनाच शोधत येईल. म्हणून उद्या पहाटे मी आधी त्यांच्याकडे जाणार आहे."

'पाच वर्षे शिकलीस काय?' ह्या प्रश्नाचे उत्तर वहीतील त्या दुसऱ्या आकड्यात होते.

स्वाध्याय

१. वृद्ध शेतकऱ्यांनी लस टोचू देण्यास प्रथम नकार का दिला?
२. 'आजारी किती?' हा अर्धाच प्रश्न आहे, असे लेखक का म्हणतो?
३. बुळकांडीचे निर्मूलन होत असता लस थांबविणे का आवश्यक झाले?
४. 'गोठा व घर ह्यांच्यामध्ये भिंत असते. रोगांना ती ठाऊक नसते.' ह्या वाक्याचा अर्थ उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
५. तुमच्या गल्लीतील किंवा वाडीतील पाळीव जनावरांची मोजणी करा व त्यांपैकी किती जनावरांना ह्या वर्षी लस टोचली आहे, ते विचारून लिहा.