बिअर आंबट लागली, म्हणजे बिघडली का?

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या पुतण्याने येताना दोन बाटल्या आणल्या. लेबलवर लिहिलंय, 'व्हाइट वाइनच्या पिंपात मुरवलेली सावर एल'. पहिल्या घोटालाच तोंड वाकडं झालं. आंबटढाण चव, त्यात जुन्या गोठ्यासारखा वास. पुतण्या म्हणतो, "काका, ही अशीच असते." माझं म्हणणं, प्रवासात बिघडली. पैज लागली आहे. शिवाय वाइनच्या पिंपात ठेवली होती, तर वाइनची चव कुठे गेली? – एक वाचक, कामतघर, भिवंडी

उत्तर : पैज बहुधा पुतण्याच जिंकणार. 'बहुधा' का, ते शेवटी सांगतो.

आपल्याकडच्या नेहमीच्या बिअरमध्ये एकाच जातीचं यीस्ट काम करतं. बाकी सूक्ष्मजीवांनी आत शिरू नये म्हणून कारखाना सतत धूत-पुसत राहतो. तुमच्या बाटलीत त्याच उपद्रवी मंडळींना मुद्दाम बोलावलेलं आहे. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकोकस हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणजे दह्यात असतं तेच. गोठ्याचा वास ब्रेटॅनोमायसिस या रानटी यीस्टचा. साध्या बिअरचा पीएच सव्वाचार-साडेचारच्या आसपास असतो. इथे तो साडेतीनच्याही खाली उतरतो, जवळजवळ व्हाइट वाइनइतका. तेव्हा तोंड वाकडं झालं यात तुमच्या जिभेचा काही दोष नाही.

हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. वसई-पालघरकडे पहाटे उतरवलेली ताडी प्यायलेल्या कुणालाही विचारा. सकाळी गोड, दुपारी आंबूस आणि चढणारी, दुसऱ्या दिवशी व्हिनेगरच्या वाटेला लागलेली. मडक्यात, हवेत, झाडावर असलेलं यीस्ट आणि जिवाणू आपणहून कामाला लागतात. गोव्यात माडाची सूर अशीच पुढे जाऊ देतात आणि तिचं व्हिनेगर करतात. उलट नीरा गोड राहावी म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. ताडीत जे काही तासांत उरकतं, ते सावर एलमध्ये वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त चालतं. तो सगळा काळ ते पिंपात चालतं.

आता वाइनच्या चवीचं. बाटलीतलं पेय वाइन आणि बिअरचं मिश्रण नाही. वाइनवाले ओकचं पिंप काही हंगाम वापरतात. तोवर लाकडातला व्हॅनिलासारखा गंध बराचसा वाइनमध्ये उतरून गेलेला असतो. मग पिंप विकायला निघतं आणि बिअरवाला ते घेतो. रेड वाइनचं पिंप रंग आणि तुरटपणा देतं. व्हाइटचं पिंप फिकट बिअरला फिकटच ठेवतं, फार तर एखादी फळाची छटा देतं. बिअरवाल्याला खरं हवं असतं ते सच्छिद्र लाकूड. त्याच्या भेगांत जिवाणू घर करतात आणि त्यातून प्राणवायू अगदी थेंबाथेंबाने आत झिरपतो. पेडिओकोकस मधल्या काळात बिअर चिकट, लोण्याच्या वासाची करून ठेवतो. त्या टप्प्यावर चाखली तर कुणीही पिंप गटारात ओतेल. पुढे ब्रेटॅनोमायसिस तो सगळा पसारा सावकाश खाऊन टाकतं, उरलीसुरली साखरही संपवतं, म्हणून शेवटी बिअर कोरडी लागते. गंमत अशी की वाइनवाल्यांना हेच यीस्ट शत्रूसारखं वाटतं. बिअरवाल्याकडे गेलेलं पिंप ते पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

या बिअरचं मूळ घराणं बेल्जियमचं. ब्रसेल्समधली, 1900 मध्ये स्थापन झालेली काँतियों ब्रुअरी लॅम्बिक नावाची आंबट बिअर बनवते. जव आणि कच्च्या गव्हाचा उकळलेला रस रात्रभर उथळ तांब्याच्या हौदात उघडा ठेवायचा, हवेतून येईल ते यीस्ट घ्यायचं, मग पिंपात भरायचं. तुमच्या बाटलीच्या जातीची गाजलेली अमेरिकन बिअर म्हणजे कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रुअरीची 'टेम्प्टेशन'. ती शार्दोने वाइनच्या पिंपात मुरते.

अशी बिअर आपल्याकडे सहसा का होत नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. नाशिकला द्राक्षं आहेत, वाइनरी आहेत, अकलूजला शार्दोनेसुद्धा होते. पुण्यात 2009 मध्ये डूललीने राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी काढली, आणि तुमच्या खाडीपलीकडे डोंबिवलीत गेटवे ब्रुअरीची गव्हाची बिअर तयार होऊ लागली. पण नाशिकची बहुतेक व्हाइट वाइन स्टीलच्या टाक्यांत बनते; लाकूड मुख्यतः रेडसाठी. दुसरी अडचण उन्हाळ्याची. काँतियोंवाले ब्रसेल्सच्या उन्हाळ्यातही बिअर बनवणं बंद ठेवतात, मग भिवंडीच्या मे महिन्याचं काय बोलावं! उष्णता आणि प्राणवायू एकत्र आले की अ‍ॅसिटिक आम्ल वाढतं आणि पिंपभर व्हिनेगर होतं. थंड तळघर बांधून वर्षभर पैसा अडकवायचा, आणि त्यानंतर गिऱ्हाइकाने तोंड वाकडं करायचं, हा धंदा सोपा नाही. म्हणून आंबट बिअर करणारे बहुतेक जण उकळण्याच्या भांड्यातच एक-दोन दिवस लॅक्टोबॅसिलस वाढवतात, मग उकळून त्याला मारतात. आंबटपणा येतो, पण तो एकसुरी. कोकम घातलं की चालून जातो, इतकंच माझं मत.

आता पैजेचा निकाल. बिअर बर्फगार नको. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा आणि वाइनच्या पेल्यात थोडीच ओता. आधी वास घ्या. गोठा, गवत, लिंबाची साल, कच्चं सफरचंद चालेल. नाकात झोंबणारा व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास सगळ्यावर मात करत असेल, तर पैज तुमची. निकाल पहिल्या घोटावर देऊ नका. पहिल्याला फक्त आम्ल कळतं, तिसऱ्या-चौथ्याला जीभ सरावते आणि मागची फळं, लाकूड जाणवू लागतं. सोबत तळलेले बोंबील किंवा चीज घ्या, तेलकटपणा छान कापला जातो. आगरी मसाल्याचं झणझणीत कालवण मात्र नको. फेस आणि आम्ल मिळून तिखट आणखी पेटवतात.

दुसरी बाटली अंधारात, गार जागी उभी ठेवा. तळाशी गाळ दिसेल, ते यीस्ट आहे. शेवटचा इंचभर पेल्यात ओतू नका.