उद्यानविद्या : नंजनगूडच्या केळीच्या निमित्ताने

म्हैसूर म्हटले की प्रथम आठवते ते वृंदावन उद्यान. कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी टप्प्याटप्प्याने उतरत गेलेली ही बाग दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने साकारली. तिच्या रचनेशी गुस्ताव्ह क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाचे नाव जोडलेले आहे. मराठी वाचकाला हे नाव परके वाटू नये. लंडनच्या क्यू उद्यानातील अनुभव घेऊन क्रुम्बिगेल 1893 मध्ये भारतात आले ते बडोद्याला, महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत. म्हैसूर संस्थानाने त्यांना बोलावून घेतले ते त्यानंतर सुमारे दीड दशकाने.

मात्र कारंज्यांपाशी रमणाऱ्या पर्यटकाला उद्यानविद्येचे एकच दालन दिसते. बाकीची पाहावयाची असतील, तर शहराच्या दक्षिणेस सुमारे 25 किलोमीटरवरील नंजनगूडला जावे लागेल.

तेथील ‘रसबाळे’ ही केळी पातळ सालीची, सुगंधी व आंबटगोड चवीची. कन्नडमध्ये ‘बाळे’ म्हणजे केळ. आपल्या वेलची केळीलाही तिकडे ‘एलक्की बाळे’ म्हणतात. नंजनगूडच्या केळीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. म्हैसूरच्या विड्याच्या पानांना आणि मोगऱ्यालाही ते मिळाले आहे. मानांकनाने नावाचे रक्षण होते, पिकाचे होतेच असे नाही. रसबाळ्याची लागवड गेल्या काही दशकांत विलक्षण घटली. त्यामागील एक प्रमुख कारण म्हणजे पनामा मर रोग.

‘फ्युजेरियम’ नावाची बुरशी मुळांवाटे शिरते आणि झाडातील पाणी वाहून नेणाऱ्या नलिका निकामी करते. खालची पाने प्रथम पिवळी पडतात, देठाशी मोडून खोडाभोवती लोंबू लागतात आणि अखेर झाड वाळते. या बुरशीचे बीजाणू जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. शिवाय खाण्याच्या केळीला रुजणारे बी नसते. लागवड मुनव्यांनी होते, त्यामुळे मातृवृक्षाचे गुण जसे पुढे जातात तसा त्याचा रोगही जातो. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेला मुनवा पुष्कळदा असा बाग बुडवून गेला आहे.

धान्यशेती आणि उद्यानविद्या यांतील भेद येथे ध्यानात येतो. ज्वारीचे बियाणे फसले तर एक हंगाम जातो. आंब्याचे कलम बनावट निघाले तर ते कळायलाच चार-पाच वर्षे लागतात. उद्यानविद्येत एकेका झाडाची निगा राखावी लागते, माल नाशवंत असतो, आणि सारा डोलारा उभा असतो तो रोपाच्या अस्सलपणावर.

या विद्येच्या शाखा अनेक. फळपिकांचे शास्त्र आणि भाजीपाला उत्पादन या सर्वांत विस्तृत. पुष्पसंवर्धनात म्हैसूरचा मोगरा येतो, तसाच तळेगाव दाभाड्याच्या हरितगृहांतील गुलाबही. नारळ, सुपारी, कॉफी आणि मसाल्याची पिके यांचा स्वतंत्र अभ्यास होतो. उद्यानरचना ही क्रुम्बिगेल यांची शाखा; तीत वनस्पतिशास्त्राइतकीच स्थापत्याची जाण लागते. ऊतिसंवर्धन ही तुलनेने नवी शाखा. तीत केळीच्या कोंबाच्या टोकाचा सूक्ष्म भाग निर्जंतुक काचपात्रात वाढवून एकसारखी, रोगमुक्त रोपे तयार करतात. तथापि रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे! बाधित जमिनीत लावलेले असे रोपही मररोगाला बळी पडते. भातासारख्या पिकाची फेरपालट केल्यास प्रादुर्भाव कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

आपल्याकडील केळी उत्पादकांनी या गोष्टीकडे दूरची म्हणून पाहू नये. जळगाव भागातील ‘ग्रँड नैन’ जात पनामा रोगाच्या जुन्या प्रकारास दाद देत नाही. परंतु त्याच बुरशीचा नवा प्रकार तिलाही ग्रासतो आणि 2010 नंतरच्या दशकात तो बिहारमध्ये आढळला आहे.

काढणीनंतरचे शास्त्र ही मला सर्वांत उपेक्षित वाटणारी शाखा. पिकवणे, प्रतवारी, शीतगृह, प्रक्रिया हे तिचे विषय. या क्षेत्रातील अग्रगण्य केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था 1950 पासून म्हैसूरच्याच चेलुवांबा महालात आहे. बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे 1967 मध्ये भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. जवळून वाहणाऱ्या अर्कावती नदीवरून तिच्या वाणांची नावे ‘अर्का’ने सुरू होतात, ‘अर्का रक्षक’ टोमॅटो त्यांपैकीच एक.

बारावी विज्ञान शाखेनंतर उद्यानविद्येची पदवी चार वर्षांची असते. महाराष्ट्रात राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी येथील कृषी विद्यापीठांच्या क्षेत्रांत हे शिक्षण मिळते. म्हैसूरलाही उद्यानविद्या महाविद्यालय आहे. पुढे संशोधन, कृषी खाते, महानगरपालिकांचे उद्यान विभाग, बियाणे कंपन्या, निर्यातगृहे असे मार्ग खुले होतात. पदवी नसलेल्यालाही वाव आहे. भेटकलम बांधणारा आणि डोळे भरणारा कसबी माणूस आज शोधूनही मिळत नाही. त्यामुळे थोड्या जागेत परवानाधारक रोपवाटिका सुरू करणे, हा तरुणांनी विचारात घ्यावा असा व्यवसाय आहे.

बँकांमध्येही या पदवीधरांना स्थान आहे. कृषी क्षेत्र अधिकारी पदासाठी उद्यानविद्येची पदवी ग्राह्य धरतात, आणि फळबागेच्या कर्जाचा प्रस्ताव तपासताना या शिक्षणाचा कस लागतो. दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी 4,444 केळी बसतात. रोपे, ठिबक, खते यांचा खर्च घड येण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. म्हणून पाहणीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने सातबाऱ्याबरोबर रोपांची पावतीही पाहावी. रोपवाटिकेला परवाना आहे का, कलमांसाठी तिचे स्वतःचे मातृवृक्ष आहेत का, हे विचारावे. ऊतिसंवर्धित रोपांसाठी केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 मध्ये राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धती सुरू केली. तिचे प्रमाणपत्र मागावे. शेवटी, याच शेतात आधी केळी होती का आणि ती का काढली, हे शेतकऱ्याला बांधावर उभे राहूनच विचारावे. अर्जाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नसतो.