तान्ह्या बाळाची बडबड

कापूस वेचणीच्या दिवसांत पूर्णा तालुक्यांतील ताडकळस गांवीं, किंवा परभणी जिल्ह्यांतील दुसऱ्या कोणत्याही खेड्यांत, भर दुपारीं एखाद्या ओसरीवर पाहावें. आई रानांत गेलेली असते व आजी झोळीला झोका देत धान्य निवडीत बसलेली असते. झोळींतून 'बाबाबाबा', 'ददद' असा ध्वनि एकसारखा चाललेला असतो. आजी क्षणभर हंसते आणि पुन्हां आपल्या कामास लागते. त्या बडबडीला अर्थ नसतो हें खरें. परंतु ती व्यर्थ आहे असें कोणीं समजूं नये. आजच्या धड्यांत आम्ही तिचाच विचार करणार आहों.

मूल जन्मतः रडतें, तें कांहीं बोलणें नव्हे. सुमारें दोन महिन्यांचें झालें म्हणजे तें 'आऽ', 'ऊऽ' असे गोड हुंकार देऊं लागतें. पुढें सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ओंठ व जीभ यांचें काम सुरू होतें आणि 'बाबा', 'मामा', 'ददा' अशीं जोडअक्षरें नव्हेत, पण पुनरुक्त अक्षरें निघूं लागतात. बाप म्हणतो, "पाहा, मला हांक मारली!" त्याच्या आनंदावर आम्ही पाणी घालूं इच्छीत नाहीं, तथापि ओंठांचीं अक्षरें मुलास सोपीं जातात, आणि जगांतील पुष्कळ भाषांत आईबापांचीं नांवें याच अक्षरांचीं झालेलीं आहेत. खरा पहिला शब्द बहुधा वर्षाच्या सुमारास येतो.

पण जिभेच्या आधीं कान शिकत असतात. ताडकळस या नांवांतील त, ड व ळ हीं अक्षरें परक्या माणसास किती कठीण जातात, हें पुष्कळांनीं ऐकलें असेल. 'ताक' आणि 'टाक' यांतील भेद इंग्रजी माणसाच्या कानास सहसा कळत नाहीं. कानडा देशांत जॅनेट वर्कर व रिचर्ड टीझ यांनीं १९८४ सालीं असें दाखविलें कीं, इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांचीं बालकें हिंदींतील त व ट हे वेगळे ओळखतात. परंतु वर्षाचीं होतां होतां त्यांची ती शक्ति बहुतेक मावळते. म्हणजे जी भाषा कानावर पडते तिच्यासाठीं कान तयार होतो. मग घरांत दखनी किंवा लमाणी आणि बाहेर मराठी असेल तर? तर मूल दोन्ही शिकतें. दोन भाषांमुळें मूल मुकें राहतें हा समज खोटा आहे.

आपण लहानग्यांशीं 'मंमं', 'दुदू', 'भूर', 'जोजो', 'माऊ' असे शब्द बोलतों. ही पोरकट बोली आहे असें म्हणून कित्येक शिकलेले लोक नाक मुरडतात. अशोक केळकर या विद्वान भाषाशास्त्रज्ञांनीं मात्र १९६४ सालीं याच मराठी बालबोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला. आणि त्याच सालीं चार्ल्स फर्ग्युसन यांनीं जगांतील सहा भाषांच्या बालबोलींची तुलना केली, तींतही मराठी होती. अशी बोली अनेक देशांत आढळते व तिनें मुलाचें नुकसान होत नाहीं. तिचा उंच, लाडका सूर मुलाचें लक्ष वेधून घेतो.

याहून महत्त्वाची गोष्ट उत्तराची आहे. अमेरिकेंत २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, आठ महिन्यांच्या मुलानें आवाज काढतांच आई हंसली, जवळ सरली किंवा तिनें त्यास स्पर्श केला, तर त्याची बडबड तेव्हांच अधिक स्पष्ट होत गेली. म्हणून आजीनें धान्य खुशाल निवडावें, पण झोळींतून 'बाबा' आलें कीं मान वर करून 'होय रे माझ्या सोन्या' म्हणावें. यास पैसा लागत नाहीं.

आतां ज्या कारणासाठीं हा लेख आम्हीं मुख्यत्वें हातीं घेतला, त्याकडे वळूं. बहिरें बालकही रडतें, हंसतें आणि पहिले हुंकार देतें. त्यामुळें घरचीं माणसें फसतात. ओलर व आयलर्स यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ऐकूं येणारीं बालकें दहाव्या महिन्यापर्यंत 'बाबाबा' म्हणूं लागलीं होतीं. बहिऱ्यांपैकीं एकही अकरा महिन्यांच्या आंत म्हणूं लागलें नाहीं. तेव्हां दहा महिने उलटले व ही बडबड आली नाहीं, किंवा येऊन बंद पडली, तर कान तपासून घेतलेच पाहिजेत. "याचा बापही उशिरां बोलला" असें म्हणून थांबणें म्हणजे मुलाचे अमोल महिने घालविणें होय. ताट वाजवून पाहणें पुरत नाहीं. मूल हादरा जाणतें, सावली पाहतें व वळतें. बारशापासून ज्याच्या कानाची शंका कोणास आली नाहीं, असें मूल तीन वर्षांचें होईपर्यंत 'हट्टी' म्हणून मार खातें, हें किती दुःखाचें आहे!

जीभ सुटावी म्हणून मधांत वेखंड उगाळून चाटवितात. वर्षाच्या आंतील मुलास मध देणें धोक्याचें आहे, त्यानें विषबाधा होऊं शकते. कानांत तेलही ओतूं नये.

तपासणी सोपी असते. निजलेल्या मुलाच्या कानांत लहानसें बोंडूक ठेवून यंत्रानें बारीक आवाज सोडतात आणि आंतून येणारा प्रतिध्वनि मोजतात. मुलास दुखत नाहीं. तपासणी पहिल्या महिन्यांत, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपाय सहाव्यापर्यंत व्हावा असा डॉक्टरांचा दंडक आहे. पण उशीर झाला म्हणून जाऊंच नये असें नाहीं. ज्यांना यंत्रानेंही ऐकूं येत नाहीं, त्यांस हातांच्या खुणांची भाषा आहे. ती पाहत वाढलेलीं बालकें हातांनींच बडबड करतात, असें १९९१ सालीं लॉरा पेटिटो यांनीं दाखविलें.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाला. त्यांत बहिरेपणाची तपासणी येते. आपल्या बंधुभगिनींपैकीं जे घरोघर भेटीस जातात, त्यांनीं तान्हें मूल दिसलें कीं "बडबड करतें का?" एवढें विचारावें. उत्तर 'नाहीं' असें आलें, तर त्या घरच्या आईस अंगणवाडीच्या ताईकडे किंवा आशाताईकडे घेऊन जावें. बाळंतपण कोठें झालें, कावीळ जोराची झाली होती काय, गरोदरपणीं अंगावर ताप व पुरळ उठलें होतें काय, आईबाप एकमेकांच्या नात्यांतले आहेत काय, हें डॉक्टर विचारतील. तें आधींच आठवून ठेवावें, आणि मुलाच्या लसींचें कार्ड बरोबर घ्यावें.