तीन खेड्यांचे नगर

कोलकाता नगराची स्थापना जॉब चारनॉक याने २४ ऑगस्ट १६९० रोजी केली, असे दीर्घकाळ शिकविले जात असे. वस्तुतः तो हुगळीकाठी उतरला, त्यापूर्वीच तेथे सुतानुटी, कलिकाता व गोविंदपूर ही तीन गावे नांदत होती. सुतानुटीत सूत व कापड यांचा बाजार भरे. गोविंदपुरात शेठ व बसाक या व्यापारी घराण्यांची वस्ती होती. कलिकात्याचा उल्लेख तर अकबरकालीन ‘ऐन-ए-अकबरी’तही आढळतो. १६९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने या गावांचे जमीनदारी हक्क सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून १३०० रुपयांस घेतले.

या तीन गावांपैकी गोविंदपूर पुढे नाहीसे झाले. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर नव्या फोर्ट विल्यमसाठी ते उठविण्यात आले; तेथे आज किल्ला व विस्तीर्ण मैदान आहे. गावासह त्याची आठवणही पुसट झाली आणि संस्थापक म्हणून चारनॉकचे नाव रूढ झाले.

अखेर रायचौधुरी घराण्याच्या वंशजांनी न्यायालयात दाद मागितली. चारनॉक हा संस्थापक नव्हे आणि नगराला निश्चित असा जन्मदिवसही नाही, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. नगरे एका दिवसात जन्मत नाहीत. त्यांच्या मुळाशी बहुधा एखादा जुना बाजार आणि नदीचा घाट असतो.