भांग चालते, मग गांजा का नाही?

प्रश्न : माझ्या २० वर्षांच्या मुलाच्या बॅगेत गांजाची पुडी सापडली. विचारलं तर म्हणतो, "आई, कॅनडात दुकानात मिळतो. शिवरात्रीला भांग चालते, मग हा का नाही? एवढ्याशा पुडीला कोण धरतंय?" कायदा खरंच बदललाय का?
– एक आई, चेंबूर

उत्तर : ताई, आधी धीर धरा. कॅनडात २०१८पासून मोकळीक आहे, हे खरं. आपल्याकडे मात्र १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा बाळगणं आणि ओढणं, दोन्ही गुन्हेच. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्यात येत नाहीत. म्हणून भांग त्यातून सुटते, तरी महाराष्ट्रात तिच्यावर दारूबंदी कायद्याचं बंधन आहेच.

गांजाचं 'अल्प प्रमाण' १ किलोपर्यंत असलं, तरी ती माफी नव्हे. १ वर्षापर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मित्रासाठी पुडी आणून दिली, तरी गुन्हाच.

कायदा सैल करावा की नाही, यावर घरात खुशाल वाद घाला. लागू मात्र आजचाच कायदा होतो. आरडाओरडा न करता किती दिवसांपासून, कशासाठी ओढतो, ते विचारा. सवय जडली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा किंवा १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर बोला. अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनीला एनडीपीएसचं कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देतं. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलंच, तर आधी वकील गाठा.