सोलरचं पाणी थंड का येतं?

दिवाळी उलटली की आळेफाट्याला सोलर दुरुस्तीवाल्यांना उसंत नसते. मे महिन्यात ज्या नळाखाली हात धरवत नव्हता, तिथंच डिसेंबरच्या पहाटे कोमट पाण्यासाठी ताटकळत उभं राहावं लागतं. मग कुणीतरी गच्चीवर चढतं, काचेच्या नळ्यांवरून नजर फिरवतं आणि सांगतं, ‘नळ्या गेल्या. सगळा सेट बदला.’ आमच्या घरीही हेच ऐकायला मिळालं. खर्चाचा आकडाही तिथल्या तिथं सांगून झाला होता. नळ्या शाबूत होत्या. त्या बदलल्या असत्या तरी पाणी गार ते गारच आलं असतं.

पाणी तापत नाही ही एक तक्रार आणि तापलेलं पाणी न्हाणीपर्यंत पोचत नाही ही दुसरी. दोन्हींत नळाला गारच पाणी येतं, म्हणून माणूस फसतो. यातली आपली कोणती, हे ठरल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका.

ठरवणं सोपं आहे. स्वच्छ उन्हाचा दिवस बघा. दिवसभर गरम पाणी कुणी वापरायचं नाही, असं घरात सांगून ठेवा. साडेचार-पाचच्या सुमारास टाकीला सगळ्यात जवळ असलेल्या गरम नळाचं पाणी बादलीत काढा. थेट धारेखाली हात घालू नका. पाणी कडक असेल तर नळ्या आपलं काम करताहेत; गडबड पुढच्या पाइपात किंवा मिक्सरमध्ये आहे. संध्याकाळी कडक आणि पहाटे कुणी वापरायच्या आधीच कोमट, असं होत असेल तर ऊब रात्रीतून कुठंतरी निसटते आहे. संध्याकाळीच गार असेल, तरच नळ्यांकडे वळायचं.

आमच्याकडे संध्याकाळी पाणी कडक निघालं. शोध तिथूनच वळला. नळाला जोर यावा म्हणून वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी थंड पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप बसवून घेतला होता आणि न्हाणीत बटणाचा हँड शॉवर. अंघोळ झाली की ते बटण बंद करत. मिक्सरच्या दोन्ही चाव्या मात्र उघड्याच राहत. पाण्याला बाहेर पडायची वाट बंद, पण आत थंड आणि गरम लाइन एकमेकींना जोडलेल्या. पंप सुरू झाला की थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसायचं आणि उलटं चढत सोलरच्या टाकीत जायचं. पंप चालू असताना टाकीवरच्या एअर पाइपातून पाणी ठिबकायचं, ही खूण सगळ्यांना दिसत होती. तिचा अर्थ कुणी लावला नव्हता.

तुमच्याकडे असं होतंय का, हे पाहायला पंप चालू ठेवून सोलरच्या टाकीला थंड पाणी देणारा कॉक बंद करा आणि खालचा गरम नळ सोडा. पाइपातलं पाणी संपलं की धार थांबायला हवी. ती वाहतच राहिली, तर कुठल्यातरी मिक्सरमधून थंड पाणी शिरतंय, हे पक्कं. तपासणी झाली की कॉक आठवणीनं उघडा. उपाय दोन: मिक्सरच्या चाव्या बंद करायची सवय, आणि गरम लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. सगळ्या नळ्यांच्या किमतीपुढे तो व्हॉल्व्ह काहीच नाही. एअर पाइप ठिबकतो म्हणून त्याला बूच मारायचा सल्लाही मिळेल. तो मुळीच ऐकू नका. टाकीचा श्वास त्या पाइपातून चालतो. तो बंद केला तर दाबानं टाकी फुगते, नाहीतर पाणी उतरताना आत चेपते.

आता खरोखरच पाणी तापत नसेल तर. आधी सावली बघा. आळेफाटा एकोणीस अंश अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या मध्याला सूर्य इथं थेट डोक्यावर येतो, पण डिसेंबरच्या 21 तारखेला भर दुपारीही तो दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम 47 अंशांवर असतो. दहा फूट उंच भिंतीची सावली तेव्हा बारा वाजताही नऊ फुटांपर्यंत उत्तरेकडे पडते. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर रस्ते जिथं एकमेकांना छेदतात, त्या गावात मजल्यांवर मजले चढताहेत. दक्षिणेच्या शेजाऱ्यानं उन्हाळ्यात जिना किंवा पाण्याची टाकी वर नेली असेल, तर तिची सावली हिवाळ्यातच कळते. हायवेची धूळही बसते. फडक्यानं नळ्या पुसल्या तरी फरक जाणवतो.

नळी गेली की नाही, हे डोळ्यांनी दिसतं. थर्मासच्या बाटलीसारख्या तिच्या दोन भिंती असतात आणि मधे निर्वात पोकळी. खालच्या टोकाला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला, म्हणजे पोकळीत हवा शिरली. डाग पांढरा असेल तेवढीच नळी बदला. चंदेरी असेल तर ‘सगळ्या गेल्या’ म्हणणाऱ्याला तो डाग दाखवा.

बोअरचं पाणी असेल तर क्षार धरतातच. ते नळीच्या तळाशी गाळ होऊन बसतात आणि अभिसरण मंदावतं. टाकी आणि नळ्या वेळोवेळी धुऊन घ्या, मात्र सकाळी ऊन चढायच्या आत. रिकाम्या नळ्या उन्हात शंभर अंशांच्या कितीतरी वर तापतात. भर दुपारी त्यांत थंड पाणी सोडलं की काच तडकते.

टाकीत विजेची बॅकअप कॉइल असेल तर एक हिशेब ध्यानात ठेवा. दोनशे लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला सुमारे सात युनिट लागतात; दोन किलोवॉटची कॉइल साडेतीन तास चालावी लागते. पहाटे उठून अर्धा तास बटण लावलं आणि पाणी तापलं नाही, म्हणून कॉइल जळाली असं समजू नका.

सोलर बंद असतानाच्या तात्पुरत्या सोयीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. बादलीत टाकायची कॉइल आधी पाण्यात सोडा, मग बटण लावा. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नका. बादली लोखंडी किंवा स्टीलची नको. अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवा. आणि गॅस गिझर बंद न्हाणीत कधीच नको. दारं-खिडक्या लावलेल्या जागेत गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गरगरतं, आणि कडी काढायच्या आत माणूस कोसळतो. थंडी आहे म्हणून आपण खिडकी लावून घेतो, तेव्हाच हा धोका सर्वाधिक असतो. तुमच्या न्हाणीत असा गिझर असेल तर पुढची अंघोळ करण्याआधी तो बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर हलवून घ्या.