बिब्ब्याच्या कुळातला पेन

अरे, जपानहून आणलेला सोनेरी मासोळ्यांचा पेन तू काल खिडकीत ठेवलास, तो मीच उचलून लाकडी कपाटात ठेवलाय. रागावू नकोस. ब्राह्मणपाऱ्यातल्या या घरात वैशाखाच्या उन्हाने माझा एक पेन नासलाय. तुझ्या आजोबांचा, काळ्या एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा. धुऊन गच्चीवर वाळत घातला आणि विसरले. आठवण झाली तेव्हा शेवाळी पडला होता, तो पुन्हा काळा झालाच नाही.

जपानातही एबोनाइटची हीच तक्रार. 1918 साली सुरू झालेल्या नामिकींच्या पेनच्या कंपनीने 1920च्या दशकात त्यावर उरुशीचा लेप दिला, तो आधी काळेपणा टिकावा म्हणून. मग त्यावर नक्षी आली. ओल्या उरुशीवर सोन्याची पूड भुरभुरायची, तेच माकी-ए.

उरुशी म्हणजे झाडाचा चीक, आणि ते झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतला की अंग कसं फोडांनी भरतं ते मी लहानपणी पाहिलंय. ओली उरुशीही तशीच उतते, पक्की वाळली की निर्धोक. वाळते मात्र उन्हात नव्हे, दमट पेटीत, हवेत 70 ते 85 टक्के ओल असताना. दहा-पंधरा वर्षं वाढलेलं झाड जेमतेम 200 ग्रॅम चीक देतं, आणि पुष्कळदा त्या हंगामानंतर तोडलं जातं. एवढं मनात ठेवलंस की बाकीचं आपोआप कळेल.

ऊन लागलं की या लेपाचं तेज जातं. म्हणून खिडकी नको, गाडीचा डॅशबोर्ड तर नकोच. ओल शोषणाऱ्या पुड्या डबीत घालू नकोस, आपला उन्हाळा मुळातच कोरडा. पेन पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. लिहून झालं की जुन्या धुवट धोतराच्या मऊ तुकड्याने हलकेच पूस, बास. स्पिरिट नको, सॅनिटायझरचे ओले हात नकोत. सोनं आहे म्हणून सदर बाजारात सराफाकडे पॉलिशला तर मुळीच देऊ नकोस. ती पूड आहे, पत्रा नाही. घासली की गेली. टोपण मागे खोचू नकोस, आणि बोटातली अंगठी काढून पेन हातात घे.

टवका उडाला तर कुणी चपडा लावून देतो म्हणेल. नको. चपडा किड्यांच्या लाखेचा, उष्णतेने वितळणारा. त्याची जात वेगळी. टवका कागदात जपून ठेव आणि उरुशीच्या कारागिराकडेच पाठव.

शाई साधी, पातळ भर. ड्रॉइंगची काळी शाई नको, तिच्यातही लाख असते, ती आत बसली की निघत नाही. तुझा पेन ड्रॉपरने भरायचा आहे. लिहिताना शेपटाकडची गुंडी थोडी सैल कर, प्रवासाला निघताना घट्ट. शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर डाग पडतो, तेव्हा नळी रिकामी होऊ देऊ नकोस.

आणि जपायचा म्हणून बंद करून ठेवू नकोस, शाई आतच सुकेल. रोज चार ओळी लिही. पोचल्याचं पत्र मला याच पेनाने लिही, मराठीत.